पेशीतलं कॅल्शियम ‘दिसतं’ तेव्हा नेमकं काय दिसतं?

काचपट्टी | शनिवार, रात्री ११:२०

गेल्या आठवड्यात गप्पांच्या धाग्यावर मी एक चित्रफीत टाकली होती. झेब्राफिशचं पाच-सहा दिवसांचं पिल्लू, काचेसारखं आरपार, आणि त्याच्या मेंदूत लुकलुकणारे हजारो ठिपके. तिघा-चौघांनी विचारलं, हे दिवे माशाचे स्वतःचे की तुम्ही लावलेले? दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

दिवे आमचे. म्हणजे त्यांचा जनुक आम्ही घातलेला. प्रथिन मात्र माशाची पेशी स्वतःच बनवते. त्या प्रथिनाचं नाव जीकॅम्प. कॅल्शियम आलं की ते हिरवं उजळतं, गेलं की मंदावतं. गेली सहा वर्षं माझं काम हेच आहे : या कुळातल्या प्रथिनांत एखाद-दुसरं अमिनो आम्ल बदलायचं आणि सेन्सर सुधारला का ते तपासायचं. पडद्यावर आपण बघतो ती या प्रथिनाची चमक असते. कॅल्शियमने त्याला जे सांगितलं ते सगळं हा सेन्सर आपल्याला तसंच सांगतो असं नाही. त्याचा स्वभाव ओळखल्याशिवाय त्याच्या साक्षीवर विसंबू नये, एवढंच मला पोटतिडकीने सांगायचं आहे.

आधी कॅल्शियमबद्दल. हाडं-दात क्षणभर बाजूला ठेवा. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी नगण्य असतं, साधारण १०० नॅनोमोलर. बाहेरच्या द्रवात तेच १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. पेशी सतत ऊर्जा खर्चून ते बाहेर उपसते, नाहीतर आतल्या कप्प्यांत कोंडून ठेवते. धरण भरलेलं असलं की दार वीतभर उचललं तरी खालच्या गावाला कळतं, तसं इथे एखादी वाहिनी काही मिलिसेकंद उघडली तरी आतलं कॅल्शियम पाच-दहा पट चढतं. स्नायूचं आकुंचन, हृदयाचा ठोका, मज्जापेशीच्या टोकाशी सुटणारं रसायन, बीजांड फलित होताना त्यातून सरकणारी लाट, हे सगळं या चढउतारावर चालतं.

अडचण ही की कॅल्शियमच्या आयनाला रंग नाही, चमक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसणारच नाही. त्याला धरणारं आणि धरल्यावर स्वतः बदलणारं काहीतरी हवं.

असं काहीतरी निसर्गात होतंच. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बरला गेले. तिथल्या समुद्रात एक्वोरिया नावाचा जेलीफिश मिळतो, त्याच्या छत्रीच्या कडेला उजेड असतो. तो उजेड देणारा पदार्थ वेगळा काढायचा होता. शिमोमुरांनी आम्ल घालून अर्काचा उजेड थांबवला, मग आम्ल उतरवून पाहिलं तर थोडासाच उजेड परतला. प्रयोग संपला म्हणून अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळी झगमगली. त्या मोरीत मत्स्यालयातलं समुद्राचं पाणी वाहून येत होतं. पाण्यातल्या कॅल्शियमने ते प्रथिन पेटलं होतं. त्याला नाव दिलं इक्वोरिन. त्याच अर्कात एक हिरवं प्रथिनही होतं. १९६२ च्या लेखात त्याची नोंद जाता जाता केलेली आहे. तेच आजचं जीएफपी, म्हणजे ग्रीन फ्लुरोसन्ट प्रोटीन. पुढच्या वर्षांत शिमोमुरांनी सुमारे साडेआठ लाख जेलीफिश गोळा केले. बायको-मुलंही जाळी घेऊन धक्क्यावर उभी असायची.

इक्वोरिनचा एक रेणू एकदाच उजळतो आणि संपतो. म्हणून त्याचा उजेड फार क्षीण. तरीही १९६७ मध्ये रिजवे आणि अ‍ॅशली यांनी बार्नेकल या समुद्री जिवाच्या जाडजूड स्नायूतंतूत ते सुईने भरून आकुंचनाच्या वेळचं कॅल्शियम पहिल्यांदा मोजून दाखवलं.

आता जीकॅम्प. जीएफपी म्हणजे अकरा पट्ट्यांनी विणलेलं एक पिंप, आणि मधोमध दिवा. हा दिवा ६५, ६६ आणि ६७ या क्रमांकाची तीन अमिनो आम्लं आपसांत जुळून तयार होतो. हवेतला ऑक्सिजन सोडला तर बाहेरून काही आणावं लागत नाही. १९९९ मध्ये रॉजर त्सियेन यांच्या प्रयोगशाळेत बेअर्ड वगैरे मंडळींनी एक धाडस केलं. साखळीची मूळची दोन टोकं एकमेकांना जोडली आणि पिंपाच्या भिंतीत, दिव्याच्या अगदी जवळ, नवा काप घेतला. तरीही प्रथिन चमकलं! मग २००१ मध्ये जपानमध्ये नाकाई, ओहकुरा आणि इमोटो यांनी अशा कापलेल्या जीएफपीच्या एका टोकाला कॅल्मोड्युलिन लावलं आणि दुसऱ्या टोकाला एम१३ नावाचा छोटा तुकडा. कॅल्मोड्युलिन हे आपल्या सगळ्यांच्या पेशींत असणारं, चार कॅल्शियम धरणारं प्रथिन. कॅल्शियम मिळालं की ते एम१३ ला मुठीत पकडतं.

कंदिलाच्या काचेला तडा गेला आहे आणि वाऱ्याने ज्योत विझू विझू झाली आहे असं समजा. कोणीतरी त्या तड्यावर तळहात धरला की ज्योत उभी राहते. कॅल्शियम नसताना पिंपाचं भगदाड उघडं असतं, पाणी आत शिरतं, दिवा मंद. मूठ आवळली की भगदाड झाकलं जातं.

उद्या कामाला जायचं आहे, इथे थांबते. प्रश्न विचारा.

---

कोयनाकाठ | रविवार, सकाळी ७:०५

धरणाचं उदाहरण आमच्या दारातलं आहे, लगेच पोचलं. वाचतोय. एक शंका. रंग टाकून बघता येत नाही का? प्रथिनाची एवढी खटपट कशासाठी?

---

ओली_वाळू | रविवार, सकाळी ७:४८

हा झेब्राफिश म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा झेब्रा डॅनियोच. मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. माझ्याकडे बारा आहेत. त्यांची पिल्लं खरंच इतकी पारदर्शक असतात की भिंगातून हृदय धडधडताना दिसतं.

---

काचपट्टी | रविवार, सकाळी ९:३०

ओली_वाळू, हो, तोच. २०१३ मध्ये आरेन्स आणि सहकाऱ्यांनी याच माशाच्या पिल्लाचा जवळजवळ सगळा मेंदू, ८० टक्क्यांहून जास्त मज्जापेशी, एकेक वेगळी ओळखता येईल अशा चित्रित केल्या. प्रकाशाचा पातळ पापुद्रा मेंदूतून वर-खाली सरकवायचा आणि साधारण सव्वा सेकंदात एक फेरी पूर्ण. मी टाकलेली चित्रफीत त्याच पद्धतीची.

कोयनाकाठ, रंग आहेतच, आणि चांगले आहेत. १९८५ मध्ये त्सियेन यांच्याकडूनच फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग आला. आजही तो वापरात आहे. पण रंग भरला की समोर येईल त्या प्रत्येक पेशीत शिरतो आणि काही तासांत गळून जातो. जनुक घातला तर कोणत्या जातीच्या पेशीने तो वाचायचा हे आपण ठरवू शकतो. शिवाय तीच पेशी आज बघायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघायची हे शक्य होतं. उंदीर नवीन काही शिकतो तेव्हा त्याच्या त्याच पेशींत काय बदललं, हा प्रश्न रंगांच्या काळात विचारणं फार अवघड होतं.

---

निवृत्त_रसायन | रविवार, दुपारी १२:१५

काचपट्टीताई, लेख आवडला. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली. पाण्याची कठीणता काढण्याचा प्रयोग इथल्या अनेकांनी केला असेल. बोअरचे पाणी, ईडीटीए, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि तो वाइनसारखा लाल रंग निळा होण्याचा क्षण. ईडीटीए कॅल्शियमला धरते, पण मॅग्नेशियमलाही धरते. पेशीत मॅग्नेशियम कॅल्शियमच्या हजारो पट असते, म्हणून तिथे ते निरुपयोगी. त्याची बहीण ईजीटीए मॅग्नेशियमकडे फारसे लक्ष देत नाही. पण पीएच ७ च्या आसपास तिला प्रोटॉन चिकटलेले असतात आणि कॅल्शियम घेताना ते सोडावे लागतात. त्सियेन यांनी १९८० मध्ये तिच्या नायट्रोजनांशेजारी बेंझीनची कडी बसवली आणि ही प्रोटॉनांची कटकट जवळजवळ संपवली. त्या रेणूचे नाव बाप्टा. फ्युरा-२ सकट बहुतेक रंग याच मुठीचे. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगत असे, कारण वर्गात शिकवलेले अनुमापन (टायट्रेशन) थेट जिवंत पेशीत पोचते याची याहून चांगली साक्ष मला सापडली नाही.

दुसरी. कंदिलाचे उदाहरण सुंदर आहे, पण ज्योत कमी-जास्त होते म्हणजे काय हे त्यात येत नाही. जीएफपीच्या दिव्यात टायरोसिनचा फिनॉल गट आहे. फिनॉलवर प्रोटॉन असला की तो एका रंगाचा प्रकाश शोषतो, प्रोटॉन गेला की दुसऱ्या. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग याच कुळातला. मग जीकॅम्प म्हणजे कॅल्शियमने चालू-बंद होणारा दर्शक (इंडिकेटर) म्हणायचा का?

---

काचपट्टी | रविवार, दुपारी २:४०

सर, अगदी तंतोतंत. कॅल्शियम नसताना भगदाडातून पाणी पोचतं, दिव्यावर प्रोटॉन बसलेला राहतो, आणि आम्ही टाकतो तो ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश तो जवळजवळ शोषतच नाही. कॅल्शियम आलं की प्रोटॉन निघतो आणि तोच दिवा निळा प्रकाश पिऊन हिरवा टाकतो. २००८-०९ मध्ये या प्रथिनाच्या स्फटिकरचना बाहेर आल्या तेव्हा कॅल्मोड्युलिन भगदाडाशी टेकून बसलेलं प्रत्यक्ष दिसलं.

आणि त्यातूनच पहिला धोका येतो. प्रोटॉनावर चालणारा दिवा पेशीच्या आम्लतेलाही उत्तर देणारच. पेशी जरा आंबट झाली की चमक उतरते आणि बघणाऱ्याला वाटतं, कॅल्शियम उतरलं. जोरात काम करणारी मज्जापेशी आंबट होते, हे तर नेहमीचंच. म्हणून पीएच वेगळा मोजून ठेवावा लागतो, किंवा कॅल्शियम धरूच शकत नाही असं बिघडवलेलं तेच प्रथिन शेजारी चालवून बघावं लागतं.

---

डॉ_नाडी | रविवार, रात्री १०:०२

ओपीडी संपवून वाचलं. कॅल्शियम आणि हृदय म्हटलं की सिडनी रिंगर आठवणारच. लंडन, १८८२-८३. बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात तासन् तास धडधडत होतं. नंतर कळलं की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतं, नळाचं होतं. शुद्ध पाण्यात मीठ घालून केलं तर हृदय थोड्या वेळात थांबलं. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, काम करत होता. आम्ही वॉर्डात सलाईनसारखी जी आरएलची बाटली लावतो त्यातला ‘आर’ म्हणजे हाच रिंगर.

या प्रथिनाने धडधडतं हृदय बघता येतं का?

---

काचपट्टी | रविवार, रात्री १०:५०

येतं, डॉक्टर. २००६ मध्ये जीकॅम्प-२ आलं ते उंदराच्या हृदयातच दाखवलं होतं, गर्भातल्या हृदयातसुद्धा. प्रत्येक ठोक्याला हिरवी लाट.

त्याआधीच्या मूळच्या प्रथिनाची ३७ अंशांना नीट घडीच बसायची नाही. उष्ण रक्ताच्या प्राण्यात ते जवळजवळ निकामी. काही बदल यादृच्छिक उत्परिवर्तनातून मिळाले, तर एक मदत अनपेक्षित जागेवरून आली. प्रथिन जिवाणूतून गाळून घेण्यासाठी त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटी पट्टी जोडलेली असते. काम झालं की ती काढून टाकावी अशी वस्तू. पण तीच ठेवली तर प्रथिन उष्णतेत टिकतं असं लक्षात आलं. तेव्हापासून ती पिढ्यान् पिढ्या तिथेच आहे.

पुढची मोठी उडी व्हर्जिनियातल्या जेनेलिया संशोधन केंद्रात : २००९ मध्ये जीकॅम्प-३, २०१३ मध्ये जीकॅम्प-६. सहाव्या पिढीच्या वेळी त्यांनी चाळणीची पद्धतच बदलली. आधी जिवाणूंत प्रथिन बनवायचं, पेशी फोडून त्या रसात कॅल्शियम घालून बघायचं आणि जास्तीत जास्त उजळेल ते निवडायचं असा रिवाज होता. पण नळीत पहिला आलेला मज्जापेशीत पहिला येईलच असं नाही. म्हणून शेकडो प्रकार थेट उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातून घेऊन वाढवलेल्या पेशींत घालून, विजेचा झटका देऊन, मज्जापेशीच्या एका स्पंदाला, म्हणजे विजेच्या एका ठोक्याला, कोण उत्तर देतं ते पाहिलं. ज्या कामासाठी सेन्सर हवा आहे त्याच कामात त्याची परीक्षा. मला हा या क्षेत्रातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

---

दशांश | सोमवार, सकाळी ८:२०

मी सिग्नल प्रोसेसिंगमधला, जीवशास्त्र दहावीपर्यंतच. मज्जापेशीचं स्पंद एक-दोन मिलिसेकंदाचं असतं असं वाचलंय. हे प्रथिन तेवढ्या वेगाने चालू-बंद होतं? नसेल तर तुम्ही बघता तो सिग्नल फिल्टरमधून गेलेला आहे, आणि फिल्टरचा आकार माहीत असल्याशिवाय मूळ सिग्नल परत काढता येणार नाही.

---

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:१५

दशांश, तुम्ही थेट मर्मावर बोट ठेवलंत. यावर जरा जास्त लिहिते, कारण माझे बहुतेक दिवस याच झगड्यात जातात.

जीकॅम्प-६ तीन रूपांत आलं : एस, एम आणि एफ, म्हणजे मंद, मध्यम, जलद. एस कॅल्शियमला घट्ट धरतं; १४४ नॅनोमोलरलाच ते अर्धं भरतं. एफ सैल धरतं, त्याला ३७५ नॅनोमोलर लागतं. घट्ट धरणारा थोड्या कॅल्शियमलाही उजळतो, म्हणून एकटंदुकटं स्पंद सुटत नाही. पण घट्ट धरणारा सोडतोही उशिरा. उंदराच्या दृष्टी-मेंदूत एका स्पंदानंतर एफची चमक अर्ध्यावर यायला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात, एसला साडेपाचशे. म्हणजे पाठोपाठ तीन स्पंदं आली तर एस त्यांचा एकच डोंगर करून दाखवतं.

बांधण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही, त्यामुळे संवेदना आणि वेग यांची ओढाताण कायमची असते. ती पूर्ण मिटली असं मी म्हणणार नाही, पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठव्या पिढीने ती खूपच सैल केली. तिथे एम१३ च्या जागी नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एका विकराचा तुकडा घातला आहे. त्यातल्या जलद प्रकाराची चमक दोनेक मिलिसेकंदांत अर्धी चढते. पहिल्यांदा ते आलेख पाहिले तेव्हा मी ते दोनदा तपासले.

दुसरी भानगड सरळ रेषेची. कॅल्मोड्युलिनला चार जागा आहेत आणि त्या एकमेकींना मदत करतात. पहिलं कॅल्शियम बसलं की पुढचं सोपं जातं. म्हणून कॅल्शियम दुप्पट झालं तर चमक दुप्पट होत नाही, कधी चौपट होते. आणि वरच्या टोकाला प्रथिन भरून गेलं की कॅल्शियम कितीही वाढो, चमक जागची हलत नाही. तुमचा फिल्टर नुसता सुस्त नाही, वाकडाही आहे. चमकेवरून स्पंदं उलट शोधून काढणाऱ्या गणिती पद्धती आहेत, आणि त्या चांगल्या आहेत, पण त्यांना हा वाकडेपणा आधी सांगावा लागतो.

---

दशांश | सोमवार, रात्री ९:४२

समजलं. म्हणजे दोन पेशींची चमक शेजारी ठेवून ‘हिच्यात जास्त कॅल्शियम’ असंही म्हणता येणार नाही, कारण कोणत्या पेशीने किती प्रथिन बनवलंय हेही वेगळं असणार.

---

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:५५

बरोबर. म्हणून आम्ही त्या-त्या पेशीच्या स्वतःच्या शांत अवस्थेशी तुलना करतो. खरा आकडाच हवा असेल तर दोन रंगांचं गुणोत्तर देणारे सेन्सर बरे. त्यांचं मूळ १९९७ मधलं : मियावाकी आणि त्सियेन यांचं कॅमेलिऑन. त्यात जीएफपीची दोन वेगळ्या रंगांची भावंडं आहेत. कॅल्शियम आलं की ती जवळ येतात आणि एकाची ऊर्जा दुसऱ्याला मिळते. एक रंग उतरतो, दुसरा चढतो. प्रथिन कमी बनलं की जास्त, गुणोत्तर तेच राहतं. पण फरक लहान दिसतो, आणि सूक्ष्मदर्शकाच्या दोन वाटा अडकून पडतात.

---

रानजाई | मंगळवार, दुपारी १:३०

मला यातलं फार कळत नाही, पण एक विचारते. पातेल्यात पाणी किती आहे ते बघायला आपण त्यात मोठा तांब्या बुडवला तर पातळीच बदलेल. तुम्ही पेशीत कॅल्शियम धरणारं एवढं प्रथिन भरता, त्याने पेशीचं कॅल्शियमच बदलत नाही का?

---

काचपट्टी | मंगळवार, रात्री १०:१०

रानजाईताई, तुम्हाला कळतं. हा प्रश्न आमच्या बैठकीत दर महिन्याला निघतो.

बदलतं. जास्त सेन्सर भरला की तो स्वतःच कॅल्शियम शोषून धरतो. लाट बुटकी होते आणि लांबते. त्यातून कॅल्मोड्युलिन काही नुसती मूठ नव्हे, पेशीत त्याला पन्नास ठिकाणी काम असतं. विषाणूच्या वाहकातून जनुक घातला आणि बरेच आठवडे थांबलं की काही पेशींत हे प्रथिन केंद्रकातही भरून जातं. अशा पेशी आजारी असतात, त्यांचं उत्तर बेभरवशाचं. आम्ही त्या मोजणीतून वगळतो. २०१७ मध्ये तर असंही प्रसिद्ध झालं की जन्मापासून जीकॅम्प-६ असणाऱ्या काही उंदीर-वाणांच्या मेंदूत फेफऱ्यासारखी स्पंदं उठतात. ज्यांनी ते शोधून सगळ्यांसमोर मांडलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. कितीतरी प्रयोगशाळा तेच उंदीर वापरत होत्या.

यावर एक उपाय म्हणजे कॅल्मोड्युलिनऐवजी ट्रोपोनिन-सी वापरायचं. ते स्नायूंतलं प्रथिन, मज्जापेशीत त्याला फारसं कोणी ओळखत नाही. जर्मनीत ग्रीसबेक यांच्या गटाने त्या वाटेने चांगले सेन्सर बनवले आहेत.

आता माझ्याच टेबलावरचा एक अनुभव. मागच्या वर्षी आम्हाला निळ्या प्रकाशाने चेतणारं एक प्रथिन घालून मज्जापेशी चेतवायच्या होत्या आणि त्याच वेळी कॅल्शियम बघायचं होतं. जीकॅम्पलाही निळाच प्रकाश लागतो, म्हणून लाल सेन्सर घेतला, आर-जेको कुळातला. निळा प्रकाश टाकला की लाल चमक सुरेख चढायची. सहा आठवडे मी आलेख जमवले. मग बैठकीत आमच्या एका सहकारी मुलीने विचारलं, प्रकाशाने चेतणारं प्रथिन नसलेल्या पेशींत बघितलंस का? बघितलं. तिथेही चमक तशीच चढत होती. या कुळाचा पाया असलेलं लाल प्रथिन निळ्या प्रकाशाने थोडा वेळ आपोआप उजळतं, कॅल्शियम हललेलं नसतानाही. हे प्रसिद्ध झालेलं होतं, मी वाचलेलंही होतं. पण आलेख इतके सुंदर होते की आठवलं नाही. सहा आठवड्यांचं ते काम वहीत लाल रेघ मारून ठेवलं आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ते पान उघडून दाखवते.

---

रानजाई | मंगळवार, रात्री १०:३१

सहा आठवडे. वाचताना पोटात तुटलं. तरी सांगितलंत हे फार चांगलं केलंत.

---

फिरस्ता | बुधवार, सकाळी ११:००

यात डग्लस प्रॅशर यांचं नाव यायला हवं. जीएफपीचा जनुक त्यांनी वेगळा काढला, १९९२ मध्ये, अमेरिकेतल्या वुड्स होल इथे. पुढच्या कामाला पैसे मिळाले नाहीत तेव्हा त्यांनी तो जनुक चाल्फी आणि त्सियेन दोघांनाही पाठवून दिला. चाल्फींनी १९९४ मध्ये तो जंतात चमकवून दाखवला. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियेन यांना मिळालं त्या दिवसांत प्रॅशर अलाबामात एका गाड्यांच्या दुकानाची व्हॅन चालवत होते. पुढे चाल्फी आणि त्सियेन यांनी त्यांना स्टॉकहोमच्या समारंभाला नेलं. आज जगभर हे प्रथिन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नळीत त्या माणसाने दिलेला जनुक आहे.

---

निवृत्त_रसायन | बुधवार, दुपारी ४:२०

फिरस्ता, हे माहीत नव्हते. मन भरून आले. जनुक कपाटात ठेवून देणे त्यांना सहज शक्य होते.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष | गुरुवार, रात्री ११:५५

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितोय. जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. आमच्या मॅडमनी एका प्रशिक्षणातून जीकॅम्पचा जिवाणूंत चालणारा प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) आणलाय. आमच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही. निळी एलईडी आणि नारिंगी ॲक्रिलिकची पट्टी आहे. काही बघता येईल का? आणि भारतात यावर कुठे काम चालतं?

---

काचपट्टी | शुक्रवार, रात्री ८:४०

नक्की येईल, आणि मायक्रोस्कोपची गरजही नाही. ई. कोलायमध्ये प्रथिन बनवून घे, पेशी लायसोझाइम या विकराने फोड, गाळ खाली बसव आणि वरचा रस दोन नळ्यांत वाट. एकीत ईजीटीए टाक, म्हणजे असलेलं कॅल्शियम धरलं जाईल. ती मंदावली पाहिजे. मग त्याच नळीत कॅल्शियम क्लोराईड टाक, ईजीटीएला पुरून उरेल इतकं. ती उजळली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत, निळ्या एलईडीखाली, नारिंगी पट्टीतून. मॅडम शेजारी असू देत, आणि जिवाणू टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह कर. मोठ्या प्रयोगशाळा ९६ खळग्यांच्या ताटलीत हेच दोन आकडे मोजतात, कॅल्शियमशिवाय आणि कॅल्शियमसह.

भारतात : बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत गायती हसन यांनी फळमाशीवर कॅल्शियम संदेशांचं खूप मोठं काम केलं आहे, पेशीतल्या कप्प्यातून कॅल्शियम सोडणारी वाहिनी बिघडली की माशीला उडता येत नाही, असं त्यांच्या गटाने दाखवलं. यमुना कृष्णन यांनी तिथेच डीएनएपासून सेन्सर बनवायला सुरुवात केली, नंतर त्या शिकागोला गेल्या. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या कप्प्यातलं कॅल्शियम मोजणारा सेन्सर मांडला, त्यात पीएचही सोबतच मोजला जातो. लायसोसोम आतून इतका आंबट की आमचं हिरवं प्रथिन तिथे विझूनच जातं. तिथे असंच काहीतरी लागणार होतं.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१०

ताई, केलं! पहिल्या दोन वेळा काहीच चमकलं नाही, तिसऱ्यांदा जिवाणू ३७ ऐवजी २५ अंशांना रात्रभर वाढवले आणि रस हिरवा आला. ईजीटीए टाकल्यावर डोळ्यांदेखत मंदावला. वर्गातल्या सगळ्यांनी एकेक करून पट्टीतून बघितलं.

पण एक कोडं आहे. आम्ही एक नळी बफरमध्ये केली होती आणि एक नुसत्या पाण्यात. कॅल्शियम टाकल्यावर बफरवाली छान उजळली. पाण्यातली आधी जराशी उजळली आणि मग अजून कॅल्शियम टाकलं तर उलट मंदावली. कॅल्शियम जास्त आणि चमक कमी, असं कसं?

---

निवृत्त_रसायन | रविवार, संध्याकाळी ७:००

बाळा, वर मी ईजीटीएच्या प्रोटॉनांबद्दल लिहिले आहे ते पुन्हा वाच. कॅल्शियम घेताना ती प्रोटॉन सोडते. बफर ते झेलते; पाण्यात ते झेलायला कोणी नव्हते.

---

बीएस्सी_तिसरं_वर्ष | रविवार, संध्याकाळी ७:२५

म्हणजे नळी आंबट झाली, आणि दिव्यावर प्रोटॉन परत बसला!

---

काचपट्टी | रविवार, संध्याकाळी ७:३२

तसंच वाटतंय, पण वाटण्यावर थांबू नकोस. उद्या दोन्ही नळ्यांत पीएचची पट्टी बुडव. मग पाण्यातल्या नळीत थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड टाकत तिला ७.२ च्या आसपास आण आणि चमक परत येते का बघ. आली तर इथे आकड्यांसकट लिही. नाही आली तर तेही लिही.